लिनक्सवर गेम कंट्रोलर ब्लूटूथने जोडला जात नाहीये? आधी अडलंय कुठे ते शोधा

"कंट्रोलर पेअर होत नाहीये" असं कोणी सांगितलं की त्यातून काहीच कळत नाही, कारण हे एक वाक्य लोक चार वेगळ्या भानगडींसाठी वापरतात. कॉम्प्युटरचं ब्लूटूथच झोपलेलं असतं, किंवा कंट्रोलर पेअरिंग मोडमध्ये गेलेलाच नसतो, किंवा दोघं एकमेकांना दिसतात पण जोडून लगेच तुटतं, नाहीतर सगळं छान जोडलेलं असतं आणि फक्त गेमला त्याचा पत्ता नसतो. आणि होतं काय, माणूस असतो चौथ्या प्रकारात आणि नेटवरून पहिल्या प्रकारच्या कमांड उचलून पेस्ट करत बसतो, मग तीन कॉन्फिग फायली बदलून झाल्यावर मूळ प्रॉब्लेम काय होता तेच आठवत नाही, रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि सकाळी ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला ऑफिस गाठायचं असतं. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या. सीटीएल, आरएफ असं अक्षर-अक्षर दिसलं की तीच अक्षरं टाकायची, आणि मी जिथे जागा सोडलीय तिथेच स्पेस.

सुरुवातीला एक फुकटची टेस्ट. कंट्रोलर घरातल्या कुठल्याही अँड्रॉइड फोनला जोडून बघा. जोडला गेला तर कंट्रोलर ठणठणीत आहे, भांडण लिनक्सशी आहे. फोनलाही जोडला जात नसेल तर लॅपटॉपला हात लावायचाच नाही, चार्जिंग बघा, एक्सबॉक्सवाला असेल तर सेल बदला. फक्त टेस्ट झाल्यावर फोनमधून तो "फरगेट" करायला विसरू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

कॉम्प्युटरचं ब्लूटूथ जागं आहे का

टर्मिनल उघडा आणि टाका:

ब्लूटूथसीटीएल शो

इथे बरेचजण पहिल्यांदा घाबरतात, कारण उत्तर येतं "नो डिफॉल्ट कंट्रोलर अव्हेलेबल" आणि वाटतं की आपला गेमचा कंट्रोलर सापडत नाहीये. तसं नाहीये. या प्रोग्रॅमच्या लेखी कंट्रोलर म्हणजे कॉम्प्युटरमधली ब्लूटूथची चिप, गेमपॅड हा त्याच्यासाठी फक्त एक डिव्हाइस. म्हणजे हा मेसेज आला तर गेमपॅड बाजूला ठेवा, चिपच सापडत नाहीये.

मग बघायचं:

सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ
आरएफकिल लिस्ट

पहिल्यात "अॅक्टिव्ह (रनिंग)" पाहिजे. नसेल तर सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ ब्लूटूथ. दुसऱ्यात ब्लूटूथच्या खाली "सॉफ्ट ब्लॉक्ड: येस" दिसलं तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ, संपला विषय. "हार्ड ब्लॉक्ड: येस" असेल तर ते कमांडने सुटत नाही, लॅपटॉपवरचं विमानाचं बटण किंवा बायोसमधली सेटिंग शोधावी लागते.

हे दोन्ही ठीक असूनही चिप सापडत नसेल तर बहुतेक वेळा फर्मवेअर (चिप चालवणारं तिचं आतलं सॉफ्टवेअर) नसतं. सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय ब्लूटूथ टाका आणि शांतपणे वाचा. स्वस्तातल्या यूएसबी डाँगलमध्ये (बाहेरून लावायचं छोटं ब्लूटूथ) हल्ली रिअलटेकची ८७६१ बी मालिकेतली चिप खूप असते, तिला चालू होताना डिस्कवरून फर्मवेअरची फाइल लागते, आणि ती फाइल नसेल तर त्या लॉगमध्ये फाइलच्या नावासकट "फेल्ड" असं स्वच्छ लिहिलेलं असतं. उबुंटू, मिंट, फेडोरावाल्यांना लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट केलं की सहसा पुरतं. डेबियनवाल्यांनी फर्मवेअर-रिअलटेक टाकायचं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, इन्स्टॉलर असली फर्मवेअर स्वतःच घेतो, त्याआधीच्यांना नॉन-फ्री भाग हाताने चालू करावा लागायचा.

आणि हो, एलएसयूएसबी मध्ये (यूएसबीला काय काय लावलंय ते दाखवणारी कमांड) डाँगलचं नाव "केंब्रिज सिलिकॉन रेडिओ" आणि आयडी ०ए१२:०००१ दिसला तर खूश होऊ नका. त्या जुन्या नावाजलेल्या चिपची नक्कल करणारे डाँगल बाजारात पोत्याने आहेत आणि सगळे हाच आयडी सांगतात. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्यांच्यासाठी जुगाड घातलेले आहेत, कधी चालतात, कधी स्कॅन होतं पण पेअर होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर वाशीत सेक्टर १७ ला, दुकानदाराला "कोणती चिप आहे" विचारलंत तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, पण बॉक्सवर ब्लूटूथ ५ पेक्षा चिपचं नाव जास्त महत्त्वाचं आहे.

डेस्कटॉपवाल्यांसाठी खास. मदरबोर्डवर वायफाय-ब्लूटूथ आहे, चिप दिसतेय, कंट्रोलर पण दिसतोय, पण अगदी कॅबिनेटला चिकटवून धरला तरच जोडला जातो आणि खुर्चीवर टेकलं की तुटतो? उठा, कॅबिनेटच्या मागे बघा. तिथे दोन सोनेरी स्क्रू असतात आणि त्यांना लावायचा अँटेना बॉक्समध्येच राहिलेला असतो, कारण इंटरनेट तर केबलने चालतंय मग अँटेना कशाला असं वाटतं. ब्लूटूथ पण त्याच अँटेनावर चालतं! घोडबंदरला एका मित्राने याच कारणासाठी पूर्ण डिस्ट्रो बदलून बघितली होती. अँटेना पिळून बसवला, झालं.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर कधीकधी विंडोजमधून रीस्टार्ट करून आलं की ब्लूटूथ गायबच होतं. तेव्हा रीस्टार्ट नको, पूर्ण शटडाऊन करा, प्लग काढा, थोडं थांबा, मग चालू करा. चिप अर्धवट अवस्थेत अडकलेली असते ती वीज गेल्याशिवाय भानावर येत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलंत तर ही कटकट कमी होते.

पेअरिंग मोड म्हणजे नुसतं चालू करणं नव्हे

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि चूक लिनक्सच्या माथी मारतात. मधलं बटण दाबलं की कंट्रोलर चालू होतो, लाइट लुकलुकतो, आपल्याला वाटतं आता दिसेल. नाही दिसणार. नुसतं मधलं बटण दाबलं की तो त्याच्या जुन्या मालकाला शोधत असतो, ज्याच्याशी शेवटचं पेअर झाला त्याला. नवीन कोणाला दिसायचं असेल तर वेगळी बटणं आहेत.

ड्युअलशॉक ४: शेअर आणि पीएस दोन्ही एकत्र दाबून धरा, लाइटबार भराभर दोन-दोनदा चमकायला लागेपर्यंत सोडायचं नाही. ड्युअलसेन्स: क्रिएट आणि पीएस, तसंच. एक्सबॉक्सला वरच्या बाजूला यूएसबी पोर्टजवळ छोटं गोल बटण असतं ते काही सेकंद दाबायचं, मधला लोगो जोरात लुकलुकला पाहिजे. सावकाश लुकलुकत असेल तर तो अजून जुन्यालाच शोधतोय. स्विच प्रोला पण वरती यूएसबी-सीच्या शेजारी बारीकसं सिंक बटण आहे, दाबलं की खालचे दिवे इकडून तिकडे पळायला लागतात. चार्जिंगची केबल लावलेली असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो केबलवरूनच बोलत बसतो.

आता तो फोन फरगेट करायला का सांगितलं ते. खारघरला बहिणीकडे गेलो होतो, भाच्याचा ड्युअलसेन्स लॅपटॉपला काही केल्या लागेना, पीएस दाबलं की लाइट निळा होऊन स्थिर व्हायचा म्हणजे कुठेतरी जोडला जात होता, पण लॅपटॉपवर काहीच नाही. भाचा म्हणाला "मामा, बॅटरी गेली असेल." तेवढ्यात हॉलमधून त्याच्या आजीचा आवाज, "अरे कोण हात लावतंय, माझी मालिका गेली!" टीव्हीवर मेनू आपोआप इकडून तिकडे सरकत होता. कधीतरी त्याने कंट्रोलर अँड्रॉइड टीव्हीला जोडला होता, आणि भिंतीपलीकडचा टीव्ही तो बरोबर पकडत होता. टीव्हीतून काढला, क्रिएट-पीएस धरलं, लॅपटॉपला पहिल्या झटक्यात लागला.

तर टीव्ही, फोन, प्लेस्टेशन जे काही घरात असेल त्यातून काढा, निदान त्यांचं ब्लूटूथ तरी तेवढ्यापुरतं बंद करा. तरी तो हट्टाला पेटला असेल तर ड्युअलशॉक ४ च्या पाठीमागे एल२ च्या जवळ एक बारीक भोक आहे, ड्युअलसेन्सला ते सोनीच्या लोगोजवळ आहे, त्यात सिम काढायची पिन घालून चार-पाच सेकंद दाबली की रीसेट होतो.

एक्सबॉक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर नक्की वाचावी. प्रत्येक एक्सबॉक्स कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नसतं. सेल काढा, आत स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. १५३७ आणि १६९७ मध्ये ब्लूटूथ नाही, ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेसवर चालतात, त्यांना वेगळा डाँगल आणि लिनक्सवर एक्सवन (एक्स-ओ-एन-ई) नावाचा ड्रायव्हर लागतो. १७०८ (२०१६ चा, वन एस बरोबर आलेला) आणि १९१४ (२०२० चा, सिरीज एक्स-एस चा) यांच्यात आहे. लांबून ओळखायचं तर लोगोच्या बटणाभोवतीचं प्लॅस्टिक बघा, ते कंट्रोलरच्या अंगासारखंच असेल तर ब्लूटूथ आहे, वरच्या बंपरसारखं चकचकीत वेगळं असेल तर नाही. ओएलएक्सवर फोटो बघून एवढं कळतं.

एटबिटडूवाल्यांचे कंट्रोलर मस्त असतात पण त्यांना मोड असतात, चालू करताना स्टार्ट बरोबर कोणतं बटण धरलंय त्यावर तो स्वतःला काय म्हणवतो ते ठरतं. एसएन३० प्रोसारख्यात स्टार्ट-एक्स म्हणजे एक्स-इनपुट, स्टार्ट-बी म्हणजे डी-इनपुट, स्टार्ट-वाय म्हणजे स्विच. एका मोडमध्ये लागत नसेल तर आधीचं पेअरिंग काढून दुसऱ्या मोडमध्ये ट्राय करा, कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते वेगळंच डिव्हाइस असतं.

आता खरं पेअरिंग, माउस सोडून

ग्नोम, केडीई, ब्लूमॅन, सगळ्यांच्या खिडक्या छान आहेत, पण बिघडलं की त्या नुसत्या गोल फिरत राहतात आणि का बिघडलं ते सांगत नाहीत. म्हणून ती सेटिंगची खिडकी बंद करा (ती उघडी असेल तर मध्ये लुडबुड करते) आणि टर्मिनलमध्ये नुसतं ब्लूटूथसीटीएल टाका. आत गेलात की एकेक करून:

पॉवर ऑन
एजंट ऑन
डिफॉल्ट-एजंट
स्कॅन ऑन

आता कंट्रोलर पेअरिंग मोडमध्ये टाका. शेजाऱ्यांचे टीव्ही, इअरबड, कुणाचं तरी घड्याळ अशी जत्रा दिसायला लागेल, त्यात "वायरलेस कंट्रोलर" (सोनीचे असं नाव सांगतात) किंवा "एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर" किंवा "प्रो कंट्रोलर" शोधा. नावाच्या आधी कोलनने जोडलेल्या दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात तो पत्ता. पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा. मग:

पेअर पत्ता
ट्रस्ट पत्ता
कनेक्ट पत्ता

स्कॅन मध्येच बंद करू नका. पेअर न झालेलं डिव्हाइस ब्लूझेड (लिनक्सचं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर) फक्त ३० सेकंद लक्षात ठेवतं, तुम्ही तोवर पत्ता कॉपी करत बसलात तर "डिव्हाइस नॉट अव्हेलेबल" येतं आणि आपण म्हणतो आत्ता तर होतं. मध्येच "येस/नो" असं काही विचारलं तर येस.

ट्रस्टचं लोक नेहमी विसरतात. पेअर म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने तुमचं नाव वहीत लिहून घेतलं, ट्रस्ट म्हणजे त्याला सांगितलं की यांना दरवेळी न विचारता सोड. ट्रस्ट नसेल तर आज सगळं चालतं आणि उद्या पीएस बटण दाबलं की कंट्रोलर दोन सेकंद जोडला जाऊन गळून पडतो. इन्फो पत्ता टाकून बघा, पेअर्ड, बाँडेड, ट्रस्टेड, कनेक्टेड चारही येस पाहिजेत. यातलं जे नो असेल तिथे तुमचं अडलंय, अंदाज करायची गरजच नाही.

पेअरच होत नसेल तर मेसेज वाचा. "ऑलरेडी एक्झिस्ट्स" म्हणजे जुनी अर्धवट नोंद पडून आहे, रिमूव्ह पत्ता करा, कंट्रोलर बंद करा, परत पेअरिंग मोड, परत पहिल्यापासून. "ऑथेंटिकेशन फेल्ड" म्हणजे एकतर एजंट (पेअर करताना तुमच्या वतीने होकार देणारा) चालू नव्हता किंवा दोघांकडच्या चाव्या (पेअर करताना ठरलेले गुप्त कोड) जुळत नाहीत, त्यालाही रिमूव्ह हेच औषध. "कनेक्शन अटेम्प्ट फेल्ड" आलं तर कंट्रोलरचा पेअरिंग मोड बहुतेक तोवर संपलेला असतो, थोड्या वेळाने तो आपला आपण बंद होतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल -यू ब्लूटूथ -एफ चालू ठेवलंत तर पडद्यामागे काय चाललंय ते लाइव्ह दिसतं, मी तर आधी तेच उघडतो.

चाव्या न जुळण्याचा प्रकार ड्युअल बूटवाल्यांना हमखास होतो. मशीनमधली ब्लूटूथ चिप एकच, तिचा पत्ता एकच, त्यामुळे कंट्रोलरला विंडोज आणि लिनक्स एकच माणूस वाटतो, पण प्रत्येकाने पेअर करताना स्वतःची वेगळी चावी बनवलेली असते, आणि कंट्रोलर फक्त शेवटची लक्षात ठेवतो. म्हणून विंडोजमध्ये जोडलं की लिनक्समधलं तुटतं आणि उलट. विंडोजच्या रजिस्ट्रीतून चावी काढून लिनक्सच्या व्हार-लिब-ब्लूटूथ फोल्डरमधल्या इन्फो फाइलीत चिकटवता येते, लोक करतात. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा विंडोजमध्ये केबल आणि लिनक्समध्ये ब्लूटूथ असं वाटून घ्या, डोक्याला ताप नाही.

जोडतो आणि तुटतो, जोडतो आणि तुटतो

एक्सबॉक्स १७०८ असेल, फर्मवेअर जुनं असेल आणि तो सतत जोडून तुटत असेल तर बहुतेक ईआरटीएमचा घोळ आहे. ब्लूटूथमध्ये हरवलेला डेटा परत पाठवायची ही एक पद्धत आहे आणि जुन्या फर्मवेअरचे कंट्रोलर तिच्यावर अडखळतात. आधी तात्पुरतं बंद करून बघा:

इको १ | सुडो टी /सिस/मॉड्यूल/ब्लूटूथ/पॅरामीटर्स/डिसेबल_ईआरटीएम

(टी म्हणजे इथे एक अक्षर नाही, टी-ई-ई असा शब्द आहे. पॅरामीटर्स अनेकवचनी आहे, शेवटचा एस राहतो आणि मग फाइल सापडत नाही.) कंट्रोलर रिमूव्ह करून परत पेअर करा. फरक पडला तर कायमचं करायला ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ ने संपणारी कुठलीही फाइल बनवून त्यात एक ओळ टाका, ऑप्शन्स ब्लूटूथ डिसेबल_ईआरटीएम=१, आणि रीस्टार्ट. फरक नाही पडला तर ते जिथल्या तिथे ठेवा, उगाच कायमचं करू नका.

१९१४ वाल्यांना मात्र ईआरटीएमशी काही घेणंदेणं नाही, तो ब्लूटूथ लो एनर्जीवर बोलतो आणि तिथे ही पद्धत वापरलीच जात नाही. तरी नेटवर प्रत्येकाला हाच उपाय सांगितलेला दिसतो. त्यांनी आणि १७०८ वाल्यांनी सुद्धा आधी कंट्रोलरचं फर्मवेअर अपडेट करावं. लिनक्सवरून ते होत नाही, मित्राच्या किंवा ऑफिसच्या विंडोजवर एक्सबॉक्स अॅक्सेसरीज अॅप आणि केबल लागते. २०२१ मध्ये १७०८ ला पण अपडेटमधून लो एनर्जी मिळालं. त्यानंतर हवं तर एक्सपॅडनिओ ड्रायव्हर टाका, थरथर, बटणांची नावं सगळं नीट येतं. तो डीकेएमएसने तुमच्याच मशीनवर कर्नलसाठी कंपाइल होतो, म्हणून सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही आणि कुठे ठळक एररही दिसत नाही. मोकयूटिल --एसबी-स्टेट ने चालू आहे का ते कळतं.

ईटीसी-ब्लूटूथ-मेन.कॉन्फ या फाइलीत दोन गोष्टी कामाच्या आहेत, जस्टवर्क्सरीपेअरिंग = ऑलवेज आणि फास्टकनेक्टेबल = ट्रू. पहिलीने कंट्रोलर दुसरीकडे जोडून परत आला तरी मुकाट्याने घेतला जातो, दुसरीने पटकन जोडला जातो पण थोडी जास्त वीज जाते. ओळीच्या सुरुवातीचं हॅश काढायचं, आणि ओळ जनरल नावाच्या भागातच पाहिजे. नंतर सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट ब्लूटूथ.

खेळता खेळता मधूनच तुटत असेल, खास करून लॅपटॉप बॅटरीवर असताना, तर पॉवर सेव्हिंगचा संशय घ्या. मॉडप्रोब.डी मध्येच ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल_ऑटोसस्पेंड=० अशी ओळ टाकली की चिपला डुलकी लागत नाही. टीएलपी (लॅपटॉपची बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये यूएसबी_एक्सक्लूड_बीटीयूएसबी=१ पण करा (ही ओळ मोठ्या अक्षरांत).

आणि बटण दाबल्यावर जरा उशिराने उडी मारत असेल, मधूनच पात्र भिंतीला जाऊन धडकत असेल, तर ते सॉफ्टवेअर नाही, हवेतली गर्दी आहे. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर. नेरूळच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये काय किंवा घोडबंदरच्या वीस-पंचवीस मजली टॉवरमध्ये काय, वायफायची लिस्ट उघडली की स्क्रोल करत बसावं लागतं. ब्लूटूथ त्यातून उड्या मारत वाट काढतं, पण लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, म्हणून तुमचा स्वतःचा लॅपटॉप जर २.४ वर गेम डाउनलोड करत असेल तर तुम्हीच तुमच्या पायावर धोंडा पाडताय. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका, सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

डाँगल असेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टातून काढा, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल तर. यूएसबी ३ नेमका २.४ च्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतो, यावर इंटेलने २०१२ मध्ये स्वतः पेपर काढला होता. फूट-दोन फुटांची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, स्टेशनबाहेर कुठेही मिळते, आणि डाँगल टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा, कॅबिनेटच्या पाठीमागे लोखंड आणि भिंत यांच्यात कोंडून ठेवू नका.

जोडलाय, पण गेमला दिसत नाही

इथवर आलात म्हणजे ब्लूटूथचा संबंध संपला. आता परत रिमूव्ह-पेअर करत बसू नका, लोक करतात. सुडो ईव्हीटेस्ट टाका (नसेल तर पॅकेज घ्या), लिस्टमधून कंट्रोलरचा नंबर द्या आणि बटणं दाबा. ओळी धावायला लागल्या तर कर्नलपर्यंत सगळं पोचतंय. ब्राउझरमधल्या टेस्ट पेजवर बघत असाल तर एखादं बटण दाबल्याशिवाय तिथे काहीच दिसत नाही, ते मुद्दामच तसं बनवलंय.

ईव्हीटेस्टमध्येच नसेल तर ड्रायव्हर. यूनेम -आर ने कर्नल बघा. स्विच प्रो आणि जॉय-कॉनचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.१६ ला आला, जानेवारी २०२२ मध्ये. मिंट २१ हातात मिळतं ते ५.१५ वर. एका आकड्याने हुकतं! मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स म्हणून आहे, तिथून नवीन घ्या. ड्युअलसेन्सला ५.१२ पासून सोनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, ड्युअलशॉक ४ आधी जुन्या एचआयडी-सोनीवर चालायचा आणि ६.२ पासून तोही नवीन एचआयडी-प्लेस्टेशनवर आला.

यात एक गोम आहे. स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन हजारभर रुपयांत मिळणारे "पीएस४ कंट्रोलर" ओरिजिनल नसतात, आणि नवीन ड्रायव्हर जोडताना कंट्रोलरला काही चौकशा करतो, कॅलिब्रेशन काय, फर्मवेअर कोणतं, ज्याची उत्तरं नकलेकडे नसतात. मग पेअर होतो, कनेक्ट होतो आणि पुढच्या सेकंदाला गायब. डीएमईएसजीमध्ये प्लेस्टेशनच्या नावाने "फेल्ड टू" दिसलं की समजायचं. पुढच्या कर्नलांनी याबाबतीत थोडं सैल धोरण घेतलंय म्हणून एकदा नवीन कर्नल ट्राय करा, नाहीतर केबलने खेळा.

कर्नलला दिसतो, ईव्हीटेस्टला दिसतो आणि फक्त स्टीमला नाही, तर परवानगीचा मामला आहे. स्टीम-डिव्हायसेस नावाचं पॅकेज टाका, कंट्रोलर बंद करून परत चालू करा. फ्लॅटपॅकमधलं (सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात ठेवलेलं) स्टीम असेल तर हे पॅकेज बाहेर, मुख्य सिस्टिममध्ये लागतं. उलटा प्रकार पण होतो, एक बटण दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं, तेव्हा स्टीम इनपुट आणि गेम दोघंही कंट्रोलर वाचत असतात, त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद करा. आणि कंट्रोलर हलवला की माउसचा बाण पळतो ते भूत नाही, स्टीम मागे चालू आहे आणि त्याने कंट्रोलरला माउस बनवलंय. सोनीचा टचपॅड तर स्टीमशिवायही माउस होतो, ते नॉर्मल आहे.

ड्युअलशॉक ३ कोणी अजून वापरत असेल तर त्याचं सगळंच वेगळं. त्याला पेअरिंग मोड नाही, आधी केबल लावायची, परवानगी विचारेल ती द्यायची, केबल काढायची, मग पीएस. २०२३ च्या शेवटी ब्लूझेडमध्ये सुरक्षेची एक फट बुजवली तेव्हापासून पक्की चावी नसलेली डिव्हाइस आत घेतली जात नाहीत आणि हा बिचारा त्यात अडकला. तुमच्याकडे तो असाच अडत असेल तर ईटीसी-ब्लूटूथमधल्या इनपुट.कॉन्फ मध्ये क्लासिकबाँडेडओन्ली=फॉल्स केलं की चालतो. पण ती फट खरी होती, जवळपासचा कोणीही कीबोर्ड असल्याचं सोंग करून तुमच्या मशीनवर टाइप करू शकत होता, म्हणून खेळून झालं की ते परत ट्रू करा.

एवढं करूनही नाही झालं आणि कोणाला विचारायची वेळ आली तर "चालत नाही" असं लिहून पाठवू नका. कंट्रोलरचा मॉडेल नंबर, डिस्ट्रो, यूनेम -आर चं उत्तर, इन्फो पत्ता मधल्या त्या चार ओळी, आणि पेअर करतानाच्या जर्नलच्या शेवटच्या वीसेक ओळी, एवढं पहिल्याच मेसेजमध्ये द्या. पत्त्याची शेवटची अक्षरं खोडून टाका.